कुंताबाईनं सोडलेल्या मरळी

करंजबोडीत माणसाला राग आला तर तो सहसा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीवर मच्छी चढते, वास गल्लीभर फिरतो आणि सकाळी भांडलेला माणूस वाटी घेऊन त्याच दारात उभा राहतो. कुंताबाईचा राग मात्र एक हिवाळा, एक उन्हाळा, एक पावसाळा, पुन्हा हिवाळा आणि वर आणखी एक उन्हाळा टिकला. एवढा काळ तर गावात लोणचंही टिकत नाही.

पोंभुर्ण्याच्या अलीकडे एक फाटा जंगलात शिरतो, त्याच्या टोकाला हे गाव. घरं बहुतेक मासेमारी करणाऱ्या ढिवरांची. गावाला लागून मोठा तलाव, कुण्या जुन्या मालगुजारानं बांधलेला. मालगुजार मेला, त्याची नातवंडं नागपूरला गेली, तलाव तेवढा राहिला. आता तलाव म्हणजे मासे, असं परगावचा माणूस समजतो. पण मासे हा पुरुषांचा भाग. मधल्या खोल पाण्यात जाळं टाकायचं ते त्यांनी. कडेचं मांडीभर पाणी बायांचं. तिथं झिंगे, बोटाएवढ्या मासोळ्या, चिखलातले खेकडे, कमळाचे कांदे, आणि भादवा संपता संपता देवधान. देवधान म्हणजे कुणी न पेरता पाण्यात उगवणारा भात. लांब कुसळ, लालसर दाणा, आणि स्वभावानं इतका चिडका की पिकला रे पिकला की हात लागायच्या आत पाण्यात गळून जातो. म्हणून बाया तो पिकायच्या आधीच मूठमूठ काड्यांच्या जुड्या बांधून ठेवतात आणि पिकल्यावर एकेक जुडी टोपल्यावर वाकवून झाडतात. गाठ ज्या बाईची, दाणा तिचा. दुसरीची जुडी कुणी झाडत नाही. घरातला धान सरलेला असतो आणि शेतातला अजून हिरवा असतो, तेव्हाचे ते दिवस करंजबोडी तलावाच्या कडेवर काढत आली होती.

कुंताबाई या कडेवरच वाढली, कडेवरच म्हातारी व्हायला लागली. अंगानं काडी, आवाजानं नगारा. नवरा इस्तारीभाऊ तिच्या अगदी उलट. तो दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं कुंताबाई चहा गाळता गाळता बोलून टाकते. दोघांचा संसार छान चालला होता, कारण भांडायला दोन माणसं लागतात आणि तिथं एकच हजर असायचं.

इस्तारीभाऊचा चुलत भाऊ रामाजी. नात्यानं कुंताबाईचा दीर. एके काळी हा रामाजी तलावातला पट्टीचा गडी होता. बुडी मारली की हातात काहीतरी घेऊनच वर यायचा. मग तो गावच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष झाला आणि त्याचे हात कोरडे पडले. पांढरा शर्ट आला, खिशात दोन पेन आले, त्यातला एक चालायचा. बायको वारल्यावर तर त्याला घरात रागवणारंही कुणी उरलं नाही. आणि एका वर्षी त्यानं तलाव राजुऱ्याकडच्या एका ठेकेदाराला परस्पर देऊन टाकला.

ठेकेदाराला गाव शेठ म्हणायचं. शेठनं आल्या आल्या मशीन आणून कडेची कमळं आणि देवधान खरडून काढलं, कारण त्याच्या लोकांचं जाळं त्यात अडकत होतं. मग कटला-रोहूचं बारीक बीज सोडलं, पारीवर म्हणजे तलावाच्या बांधावर झोपडी बांधली, तिच्यात दसरू नावाचा चौकीदार बसवला आणि रामाजीनं गावात फिरून सांगितलं की आता तलावात कुणी हात घालायचा नाही. कपडे धुवा, ढोरं धुवा, देव पाण्यात शिरवा. बाकी पाण्यातलं पान शेठचं.

पण मशीन काठच्या वडाच्या मुळ्यांपाशी जाऊ शकलं नव्हतं. त्या कोपऱ्यात थोडं देवधान उरलं होतं आणि त्यात कुंताबाईच्या जुड्या बांधलेल्या होत्या. पित्तरपाटाच्या म्हणजे पितृपक्षाच्या दिवसांत ती उतरली, जुड्या झाडल्या, हाती लागले ते झिंगे वर टाकले आणि टोपलं डोक्यावर घेऊन पारीवर आली. पारीवर नेमका शेठ उभा होता, शेजारी रामाजी, आणि ट्रकमधून माशांच्या खाद्याची पोती उतरताना बघायला जमलेलं अर्धं गाव.

"वैनी, काय नेऊन राह्यल्या?" रामाजीनं विचारलं.

"देवधान. पित्तराले निवद पाहिजे ना. तुमचे बी पित्तर तेच आहेत, ध्यानात आहे का विसरले?"

"ठेका झाला आहे. तलावातलं सगळं शेठचं आहे."

"असं का? मंग त्याले देवधान काऊन म्हंतेत? शेठधान म्हना."

गाव हसलं. ट्रकवरचे हमालसुद्धा हसले. शेठ हसला नाही, त्यानं फक्त रामाजीकडे पाहिलं. त्या पाहण्यानं रामाजीचं डोकं फिरलं. त्यानं हात वर केला आणि वहिनीच्या डोक्यावरचं टोपलं उलटं केलं.

"चोट्टी आहेस तू! चोट्टी!"

जन्मात वहिनीला कधी तू न म्हणालेला माणूस. दाणे चिखलात गेले, झिंगे चिखलात उड्या मारत राहिले. शेठच्या एका माणसानं त्यावरून ट्रकचं चाक नेलं. त्यानं मुद्दाम नेलं असं नाही, पण गेलं. आता कुंताबाईचा नगारा वाजणार म्हणून लोकांनी मनातल्या मनात कान झाकले. तर ती हळू आवाजात बोलली, आणि म्हणूनच ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

"भाऊजी, इतक्या लोकात बोलले. आता हे इतक्याच लोकात परत घ्या लागन. तलाव बायाचा आहे, ह्या बाया चोट्ट्या नाईत, असं सभेत उभं राहून बोला लागन. तवरोक मी तुमाले सोडत नाई."

रामाजी हसला. माणसानं कुठं हसावं याचंही एक ज्ञान असतं.

त्या हिवाळ्यात करंजबोडीनं एक नवीन गोष्ट पाहिली. तलावाच्या पारीवर राहणारे ढिवर पोंभुर्ण्याच्या बाजारातून बर्फातली मच्छी विकत आणू लागले. कुंताबाईच्या घरी राशनचा तांदूळ आणि अंबाडी, अंबाडी आणि राशनचा तांदूळ. ती जेवायला बसली की आधी रामाजीच्या नावानं एक घास बाजूला ठेवायची आणि तो कुत्र्याला टाकायची. इस्तारीभाऊ एकदा म्हणाला, "जाऊ दे ना वो." तर त्या दिवशी दोन घास कुत्र्याला गेले, दुसरा इस्तारीभाऊच्या ताटातला.

सूड घ्यायचा हे ठरलं होतं, कसा घ्यायचा हे ठरत नव्हतं. जाळी कापायचा विचार झाला. पण जाळं कापणं ढिवराच्या हाताला जमत नाही, विळा घेऊन गेली आणि दोन गाठी सुटलेल्या दिसल्या त्या बांधूनच परत आली. मग तिच्या भावकीतल्या एकानं सुचवलं की मासे गुंगवणारी साल कुटून टाकू, सकाळी शेठचा सगळा माल उलटा तरंगताना दिसेल. कुंताबाईनं त्याला असं झाडलं की तो महिनाभर त्या गल्लीनं आला नाही. "भांडन माह्यं रामाजीशी आहे. पान्याले काऊन मारू मी? पान्यानं माह्यं काय केलं?"

मार्ग सापडला तो बाजारात. पोंभुर्ण्याच्या बाजारात कुंताबाई आणि बुधरी शेजारी शेजारी बसायच्या. बुधरी जंगलातल्या गोंडांच्या टोल्यावरची म्हणजे वस्तीवरची. टोल्याची स्वतःची एक बोडी, म्हणजे छोटं तळं, होती. उन्हाळ्यात चारोळीची चारं आणि मोहफुलं, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, आणि दिवाळीनंतर कंद घेऊन यायची. दोघी पोरी होत्या तेव्हा एका भुजलीच्या सणाला एकमेकींच्या कानावर अंकुर खोचून सई झाल्या होत्या, तेव्हापासून एकमेकींचं नाव घेत नव्हत्या. नुसतं सई.

आखाडात बुधरी कंटाळून म्हणाली, "काय सांगू सई, आमच्या टोल्यावरच्या बोडीत या साली मरळीच मरळी. दुसरी मासोळी ठेवलीच नाई त्याइनं. पोट्टे बेडूक धराले जातेत तं बेडूक बी नाई. सगळं खाल्लं."

कुंताबाई तेव्हा एका मास्तराला सुकट मोजून देत होती. तिचा हात तागडीवरच थांबला. इतका वेळ थांबला की मास्तराला त्या दिवशी पुरेपूर माप मिळालं, आणि ते तिच्या धंद्यात पहिल्यांदाच घडलं.

मरळ हा मासा कसा आहे ते इथं सांगावं लागेल. गडद अंग, सापासारखं डोकं, आणि भूक अशी की समोर जे हलतं ते पोटात. कटल्याचं बोटभर बीज तिच्यापुढं म्हणजे चिवडा. पाण्याबाहेर ओल्या फडक्यात ती तासन्‌तास जगते. आणि मुख्य म्हणजे महाजाळ ओढलं की ती एक तर वरून उडी मारते नाही तर खाली चिखलात शिरते. तिला धरायचं तर चिखलात हात घालून, बोटांनी ओळखून धरावं लागतं. म्हणूनच शेठनं बीज टाकायच्या आधी तलाव आटवून होती नव्हती ती सगळी मरळ काढून घेतली होती.

"सई, मले तुमच्या मरळी पाहिजे. जित्त्या."

"किती?"

"सगळ्या."

बुधरीनं आधी नाही म्हटलं. एक तर टोल्याला विचारावं लागतं. आणि दुसरं असं की मरळ तेव्हा पिल्लांवर होती. मरळीचे नर-मादी आपल्या पिल्लांच्या घोळक्याखाली राखणीला फिरत असतात, आणि पिल्लावरची मरळ धरायची नाही हे जसं गोंडांत तसंच ढिवरांत. धरली तर त्या घरच्या जाळ्याला पुन्हा मासा लागत नाही म्हणतात. कुंताबाई हे नियम इतरांना शिकवत आली होती. ती दोन दिवस जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी ती टोल्यावर पोचली तेव्हा तिच्याकडे तोड होती.

"मी धरून नाई राह्यली सई. मी त्याइचं बिऱ्हाड हलवून राह्यली. मायबाप बी नेतो, लेकरं बी नेतो. मोठ्या घरी ठेवतो, खाऊपिऊ घालतो. याले धरनं म्हंतेत का?"

बुधरी हसून हसून खाली बसली. टोल्यावरच्या म्हाताऱ्यांनी बोडीच्या काठाला मोहाची चार फुलं वाहिली, आणि बिऱ्हाड हलवायला परवानगी मिळाली. फक्त बोडीत दोन जोड्या राहू द्यायच्या, एवढंच.

आता प्रश्न दसरूच्या डोळ्यांदेखत तलावात नेण्याचा. तो प्रश्न रामाजीनंच आधी सोडवून ठेवला होता. देव शिरवा, असं तोच म्हणाला होता.

राखीच्या दुसऱ्या दिवशी झाडीपट्टीत भुजली शिरवतात. बाया टोपल्यांत गहू पेरून अंधारात ठेवतात, पिवळे पिवळे अंकुर येतात, ती टोपली डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तलावावर जायचं, अंकुर मोठ्यांच्या कानावर खोचून पाया पडायचं आणि उरलेलं पाण्यात सोडायचं. त्या वर्षी करंजबोडीत भुजलीचा उत्साह नेहमीपेक्षा फारच होता. दर घराची टोपली होती. टोपल्याही चांगल्या खोल निवडलेल्या, आत प्लास्टिक, त्यावर ओलं फडकं, आणि वर एवढेसे अंकुर. बुधरीच्या टोल्यावरून सकाळीच आलेल्या डब्यांतला माल त्यांत नीट वाटून झाला होता.

बाया गात निघाल्या. गाणी इतकी मोठ्यानं म्हटली की टोपलीत शेपटी आपटल्याचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये. पारीवर अध्यक्ष म्हणून रामाजी नारळ घेऊन उभा. दसरू हात जोडून उभा. शेठनं आठ दिवसांपूर्वीच नवं बीज सोडलेलं.

कुंताबाई सरळ रामाजीपुढं आली. तिनं मूठभर अंकुर काढले, दोन त्याच्या कानावर खोचले. रामाजीचे डोळे भरून आले. झालं गेलं वहिनी विसरली असं त्याला वाटलं.

"भाऊजी, जरा हात लावता का? मायं टोपलं जड झालं."

रामाजीनं पँट वर केली, पाण्यात उतरला, टोपलं दोन्ही हातांनी घेतलं. आत काहीतरी जोरात वळलं.

"वैनी, हे हालून काऊन राह्यलं?"

"देवाचं आहे. हालनच ना."

तळहाताखाली मरळ फिरली आणि ढिवराच्या पोराला ओळखू आली नाही. खुर्चीनं एवढं केलं होतं. त्यानं आपल्या हातानं टोपलं पाण्यात कलतं केलं, अंकुर तरंगले, आणि दोन वजनदार मायबाप आणि त्यांची बोटभर लेकरं शेठच्या तलावात नांदायला गेली. बाकीच्या बायांनीही आपापली भुजली शिरवली. परत येताना सगळ्या इतक्या हसत होत्या की दसरूलाही उगाच हसू आलं.

मग काही झालं नाही. म्हणजे वरून काही दिसलं नाही. पावसाळाभर बाया धुणं धुवायला गेल्या की बादलीतून लपवून नेलेली आणखी एखादी मरळ पाण्यात सोडली जायची. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर खळ्ळ आवाज व्हायचा आणि कुंताबाई पारीवर बसून दात घासता घासता म्हणायची, "खा बाई, खा. लाजू नोको."

उन्हाळ्यात शेठ ट्रक, बर्फ आणि जाळेकरी घेऊन आला. महाजाळ टाकलं, ओढलं. जाळ्यात चार मोठे कटले, एक चप्पल आणि शेवाळ आलं. दुसऱ्या ओढीला चप्पल पण नव्हती. जाळ्याच्या वरच्या दोरीवरून मात्र काळी अंगं उड्या मारून पलीकडे जाताना दिसत होती, जशी शाळेतली पोरं कुंपणावरून जातात. पारीवर गाव बसलं होतं. कुंताबाईनं भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या.

शेठचे डोळे रिकाम्या जाळ्यावर होते, दोरीवरच्या उड्या त्यानं पाहिल्याच नाहीत. त्याला एवढंच कळलं की माल नाही. तो रामाजीवर धावला. "माझं बीज कुठं गेलं? विकलंस तू! चोर आहेस!" अख्ख्या गावापुढं. रामाजीची मान खाली गेली. इस्तारीभाऊ बायकोला हळूच म्हणाला, "झालं ना आता तुह्यं?"

"काय झालं? तो परका मानूस बोल्ला. त्याच्या बोलन्यानं मायं काय फिटलं? मले याच्या तोंडातून पाहिजे."

शेठ गेला तो बर्फ पारीवर वितळत ठेवून गेला. संध्याकाळी रामाजी कुंताबाईच्या अंगणात आला. जाळ्यावरून उड्या मारणाऱ्या मरळी त्यानं पाहिल्या होत्या आणि आता त्याला ते टोपलं आठवत होतं.

"वैनी, खरं सांगा. तुमी टाकली?"

"हो. मीच टाकली." तिनं पटकन सांगून टाकलं, जसं काही वर्षभर हाच प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून ती खोळंबली होती. "पहिलं टोपलं तं तुमीच टाकलं. कानावर भुजली खोचून."

"मी पोलिसात जातो."

"जा ना. पानी पिऊन जा, गरमी आहे."

तो खरंच गेला. ठाण्यातल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बाईनं तलावातून मासे चोरले?"

"नाई साहेब. टाकले."

"तलावात?"

"तलावात."

"मासे?"

"मासे."

हवालदारानं चहा मागवला आणि शेजारच्यालाही बोलावून घेतलं, म्हणाला, हे पुन्हा एकदा सांगा. रामाजी चहा न पिता परत आला. पण तो वाकणारा नव्हता. आठवड्याभरात त्यानं दुसऱ्या ठेकेदाराशी फोनवर बोलायला सुरुवात केली; तलावात हात घालायला बंदी आहे ती आहेच, असं गावात परत सांगितलं. कुंताबाईनं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली. तिच्यामागं सगळ्या बाया. त्यांच्यामागं पुरुष. दसरूचा पगार शेठबरोबरच गेला होता, तो म्हणाला, "मी पाहून नाई राह्यलो. फक्त एक मले बी ठेवजा."

वैशाखातलं उतरलेलं पाणी, मांडीभर चिखल. माणसं वाकून हातानं चिखल चाचपत होती आणि मध्येच कुणीतरी ओरडून काळी, वळवळणारी मरळ दोन हातांनी वर काढत होतं. रामाजी पारीवरून ओरडत होता की नावं घेईन, एकेकाची तक्रार करीन. तेवढ्यात त्याला चिखलात त्याचा स्वतःचा पोरगा दिसला. मिथुन. बनियनवर.

"मिथ्या! बाहेर नीघ!"

"बाबा, आचलले डॉक्टरनं ताकदीचं खाऊ घाला म्हटलं आहे," मिथुन चिखलातूनच म्हणाला. आचल म्हणजे त्याची बायको, चारच दिवसांपूर्वी बाळंत झालेली. "मरळीचा रस्सा द्या लागते बाळंतिनीले. तुमी बर्फ देता का तिले?"

गावमासेमारीत रीत अशी की निघालेलं सगळं पारीवर एकत्र टाकायचं आणि घरागणिक वाटे घालायचे. पाण्यात न उतरलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा, आजाऱ्याचा वाटा, बाळंतिणीचा वाटा सगळ्यात आधी. वाटे घालायला त्या दिवशी लोकांनी कुंताबाईलाच बसवलं. मग रामाजीच्या घराचं नाव आलं. तिनं दोन चांगल्या मरळी उचलून बाजूला ठेवल्या.

"हे आचलचं. रामाजीच्या घराचं नाई. आचलचं."

आणि ती स्वतः ते घेऊन रामाजीच्या घरी गेली. त्या घरात दुसरी बाई नव्हती. बाळंतिणीचं करायला जवळच्या नात्यातली मोठी बाई लागते, आणि ती कुंताबाईच होती. रीत म्हटल्यावर रामाजीला दार अडवता आलं नाही. तिनं रामाजीच्या चुलीवर पातेलं चढवलं. हळद, लसूण, कांदा भाजून वाटलेला, जवस, आणि वर मरळ. हळूहळू शिजणारी. तो वास रामाजीच्या ओसरीत आला, खोलीत आला, त्याच्या पांढऱ्या शर्टात शिरला. वर्षभर त्यानंही बर्फातलीच खाल्ली होती.

तो पाटावर येऊन बसला. कुंताबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. भात आणि लाखोरी डाळीचं पातळ वरण.

"वैनी, मच्छी?"

"ते बाळंतिनीचं आहे भाऊजी. मी कशी देऊ? चोरी होते ना."

दुसऱ्या दिवशीही वरण. तिसऱ्या दिवशी मिथुनच्या ताटात डोक्याचा तुकडा पडला, कारण तो चिखलात उतरला होता. रामाजीच्या ताटात वरण. कुंताबाई आचलजवळ बसून तिला एकेक काटा काढून भरवायची, आणि मोठ्यानं विचारायची, "पोटाचा तुकडा आहे बाई, नरम आहे का? रस्सा घे अजून. दूध येते त्यानं." मग ओसरीकडे तोंड करून, "भाऊजी, वरन वाढू का? भरपूर आहे." ही सेवा तिनं इतक्या मनापासून केली की आचलच्या माहेरची माणसं भेटायला आली ती कुंताबाईच्या पाया पडून गेली. रामाजीलाही त्यांच्यादेखत म्हणावं लागलं की वैनी फार करतात आमचं.

शेवटी एका रात्रीच्या जेवणाला रामाजीनं हात ताटात तसाच ठेवला.

"वैनी, नवा ठेकेदार नाई आनत. बस झालं?"

"मले काऊन सांगता? मी काय सभा आहो का?"

रामाजीनं वरणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आतून येणारा वास एकदा ओढून घेतला.

रविवारी पारीवर संस्थेची सभा भरली. रामाजी उभा राहिला. आधी त्यानं पाणीपुरवठ्यावर काही सांगितलं, मग खोकला, मग शर्टाचा खिसा चाचपला. कुंताबाई अगदी पुढं बसली होती, पाय पसरून. तिनं नुसती मान हलवली.

"तलावाची कड बायाची आहे," रामाजी म्हणाला. "ठेका कोनाले द्याचा नाई. अन् वैनीले मी बोल्लो होतो, ते..." तो थांबला.

"काय बोल्ले होते भाऊजी? मागच्याइले ऐकू नाई आलं."

"चोट्टी बोल्लो होतो. ते चूक होती. वैनी चोट्टी नाई."

"अन् बाकीच्या बाया?"

"त्या बी नाईत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकदम आपापल्या बाजूच्याशी बोलू लागले, देवधानाचं बीज कुठून आणायचं, टोल्यावरच्या बोडीत अजून काही उगवतं का, वडाखाली किती काड्या उरल्यात. कुंताबाई उठली, लुगडं झटकलं आणि घराकडे निघाली. रामाजी तिच्यामागं लगबगीनं आला. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता.

"वैनी, आता झालं ना? बोल्लो ना मी सगळ्याइच्या पुढं? मंग आज येता ना घरी? मरळ आहे का एखादी?"

"आचलले आता काही लागत नाई. ती आपल्या हातानं रांधते." कुंताबाई थांबलीही नाही. "अन् तलाव तं आता सगळ्याइचा झाला, तुमीच बोल्ले. उतरा ना भाऊजी. धरा. काढा शर्ट."

रामाजी पारीवर उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं खरंच शर्ट काढला, पेन दसरूच्या हातात दिले आणि चिखलात उतरला. दिवस मावळेपर्यंत तो वाकून चाचपत होता. हाताला लागायची, वळायची, निसटायची. पारीवर जमलेलं गाव त्याला कुठं हात घालावा ते ओरडून सांगत होतं, आणि प्रत्येक जण वेगळी जागा सांगत होता.

कुंताबाईनं त्या रात्री घरी मरळ शिजवली आणि दार सताड उघडं ठेवलं. वारा रामाजीच्या घराकडेच होता.